घरबसल्या लिलाव



गेल्या दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली, त्यानंतर तिसऱ्या कीं चवथ्या दिवशींची गोष्ट. मधल्या सुटींत इयत्ता नववींतील एक मुलगा शिक्षकांच्या खोलीच्या दाराशीं येऊन उभा राहिला. हा मुलगा पोलादपूर तालुक्यांतील एका वाडीवरून रोज एस. टी.नें महाडास येतो. वडील मुंबईस नोकरीस. घरीं आई, आजी आणि थोरला भाऊ. "सर, एक दाखवायचं होतं," एवढेंच म्हणून त्यानें दप्तरांतून एक जुनी कापडी चंची काढिली आणि माझ्या टेबलावर उपडी केली. तींत तांब्याचीं अकरा नाणीं होतीं. त्यांपैकीं कांहीं तर इतकीं झिजलेलीं, कीं त्यांवर अक्षरें आहेत हें बोट फिरविल्यावांचून कळूं नये.

"ह्यांचे किती येतील, सर?"

प्रश्न साधा होता. परंतु ही नुसती जिज्ञासा नव्हे, हें त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतें. विचारतां विचारतां सर्व हकीकत बाहेर आली. थोरल्या भावानें मोबाईलवर एक जाहिरात पाहिली होती, कीं जुनीं नाणीं घरबसल्या लिलावांत विका व लाखों रुपये मिळवा. त्यानें आजीच्या चंचींतील नाण्यांचीं छायाचित्रें पाठविलीं. दोन तासांच्या आंत उत्तर आलें, कीं आपलीं नाणीं लिलावांत मांडलीं असून बोली सहा लाखांवर गेली आहे. नोंदणीचे साडेबाराशें रुपये तेवढे भरा. ते भरले. मग कराचे म्हणून साडेतीन हजार मागितले, तेहि भरले. आतां विम्याचे म्हणून नऊ हजारांची मागणी आली होती. आणि आई घरावर नवे पत्रे घालण्यासाठीं जे पैसे जमवीत होती, त्यांतून हे द्यावे, असें घरांत चाललें होतें. खरेपणाचा पुरावा म्हणून भावाकडे एक पत्रहि आलें होतें. त्यावर रिझर्व्ह बँकेचें बोधचिन्ह होतें, सही होती, शिक्का होता.

रिझर्व्ह बँकेनें ४ ऑगस्ट २०२१ रोजींच लोकांस सावधगिरीची सूचना दिलेली आहे. जुन्या नोटा व नाणीं ह्यांच्या खरेदी-विक्रीशीं बँकेचा कांहीं संबंध नाहीं, त्यासाठीं ती कोणतेंहि शुल्क अथवा दलाली मागत नाहीं, व आपल्या वतीनें असें शुल्क घेण्याचा अधिकार तिनें कोणाहि संस्थेस वा व्यक्तीस दिलेला नाहीं, असें त्या सूचनेंत स्पष्ट म्हटलें आहे. म्हणजे ज्या लिलावांत बोली सहा लाखांवर गेली, तो लिलाव पृथ्वीच्या पाठीवर कोठेंच चालला नव्हता.

मुलाला हें समजावून सांगणें अवघड गेलें नाहीं. परंतु त्यानें उलट जो प्रश्न केला, त्यामुळें मी हा लेख लिहावयास बसलों. तो म्हणाला, "मग सर, खरा लिलाव असता, तर तो आम्हांला वेगळा कसा दिसला असता?"

ह्याचें उत्तर मला त्या क्षणीं देतां आलें नाहीं. कारण मीं स्वतः इंटरनेटवरील खरे लिलाव पाहिले आहेत, व त्यांतहि डोळ्यांस दिसावयाचें तें एवढेंच: एक छायाचित्र, एक वाढत जाणारा आकडा, आणि पैसे कोठें भरावयाचे त्याची सूचना.

‘लिलाव’ हा शब्द मूळचा आपला नव्हे. पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर तो ह्या किनाऱ्यावर उतरला. परंतु आज तो इतका घरचा झाला आहे, कीं कोंकणच्या बंदरावर मासळीची टोपली खालीं टेकतांच त्याची हाक उठते. जत्रेंत देवास वाहिलेल्या नारळांचा लिलाव होतो. ख्रिस्ती मंडळींत सुगीच्या उपासनेनंतर अर्पण आलेला भोपळा, तांदूळ, अंडीं, कोंबड्या ह्यांचा होतो. ह्या सुगीच्या लिलावांत एखादा भोपळा बाजारभावाच्या दसपट किंमतीस जातांना मीं पाहिला आहे, आणि घेणारा तो हंसत हंसत खांद्यावर टाकून घरीं नेतो. त्याला कोणीं फसविलें काय? मुळींच नाहीं. भोपळ्याची खरी किंमत काय, हें सर्वांस ठाऊक असतें. वरचे पैसे कशासाठीं जातात, हेंहि ठाऊक असतें. आणि आपल्यावर बोली चढविणारा गृहस्थ कोण, तो तर समोरच्याच बाकावर बसलेला असतो.

उघड लिलावांत लबाडी होत नाहीं, असें मात्र कोणी समजूं नये. घरच्याच माणसास गर्दींत उभें करून बोली वाढवावयाची, ही युक्ति फार जुनी आहे. मुंबईच्या आंबेबाजारांत तर रुमालाखालीं बोटें दाबून भाव ठरविण्याची चाल पुष्कळ वर्षें होती. आंबा ज्याचा, तो बागाईतदार शेजारीं उभा असला तरी रुमालाखालीं काय ठरलें तें त्यास दिसत नसे. पण टोपलींत वरच्या थराला मोठी मासळी आणि खालीं बारीक असेल, तर हात घालून पाहतां येतें. शिवाय विकणारीस दुसऱ्या दिवशीं त्याच धक्क्यावर यावयाचें असतें, ह्या एका गोष्टीनें जेवढी लबाडी आवरली जाते, तेवढी पोलिसांच्यानेंहि आवरत नसेल.

आणखी एक दोष लिलावाच्या अंगींच आहे. तो म्हणजे बोलीचा ज्वर. इतिहासाच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असेल, कीं इ. स. १९३ मध्यें रोमच्या शरीररक्षक सैनिकांनीं प्रत्यक्ष साम्राज्याचाच लिलाव मांडिला, आणि डिडियस जुलियानस नांवाच्या धनिकानें प्रतिस्पर्ध्यापेक्षां अधिक बोली करून तें घेतलें. तो गादीवर ६६ दिवस राहिला. मग त्याचा शिरच्छेद झाला. आपल्या गांवांतील लिलावांत हा ज्वर चढूं लागला, म्हणजे शेजारचा मनुष्य कोपरखळी मारून, "अरे, पुरे आतां," असें म्हणतो. मोबाईल हातांत घेऊन रात्रीं एकटा बसलेल्या मनुष्यास अशी कोपरखळी कोण मारणार?

इंटरनेटवरील लिलावाचा आरंभ १९९५ सालीं कॅलिफोर्नियांत झाला. पिएर ओमिड्यार नांवाच्या तरुणानें काढिलेल्या स्थळावर एक मोडका लेझर पॉइंटर १४ डॉलर ८३ सेंटांस विकला गेला. वस्तु मोडकी आहे हें आपणांस कळलें आहे ना, असें ओमिड्यारनें घेणाऱ्यास विचारिलें, तेव्हां, आपण मोडके लेझर पॉइंटरच जमवितों, असें त्यानें कळविलें, अशी ती गोष्ट सांगतात. मला ती आवडते. कारण तींत विकणाऱ्यानें होऊन चौकशी केली आहे. ह्याच स्थळाची पुढें ईबे ही प्रचंड कंपनी झाली. आपल्याकडे २००० सालीं मुंबईंत ‘बाझी’ नांवाचें असेंच स्थळ निघालें होतें. तें ईबेनें २००४ सालीं विकत घेतलें. २०१७ सालीं तो व्यवहार फ्लिपकार्टकडे गेला. आणि १४ ऑगस्ट २०१८ रोजीं ईबेचें भारतांतील स्थळ बंद झालें. हल्लीं नाण्यांचे व जुन्या वस्तूंचे व्यापारी आपापल्या स्थळांवर लिलाव करितात. पुस्तकांचे व तिकिटांचे हौशी लोक व्हॉट्सॲपच्या वा फेसबुकच्या गटांत बोली लावितात. आणि सामान्य गृहस्थ ओएलएक्ससारख्या ठिकाणीं जाहिरात देऊन, येईल त्याच्याशीं घासाघीस करितो. ती घासाघीस म्हणजेहि एक प्रकारची बोलीच होय.

ह्या सोयीचे उपकार मी नाकारीत नाहीं. घाटाखालच्या एखाद्या गांवांतील कैलासवासी शिक्षकाचा ग्रंथसंग्रह पूर्वीं वाळवीच्या मुखीं पडावयाचा. आज त्यास नागपूरचा किंवा बेळगांवचा वाचक मिळूं शकतो. ज्या वस्तूचा गिऱ्हाईक हजारांत एक, तिला लिलावावांचून योग्य भाव मिळणें कठीण. माझी तक्रार आहे ती वेगळीच, आणि ती अनुभवाची आहे.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ सालची दुसरी आवृत्ति आपल्या संग्रहीं असावी, अशी माझी फार दिवसांची इच्छा. एका लिलावस्थळावर ती दिसली. कातडी पुठ्ठा, सोनेरी अक्षरें, पानें पिवळीं पण धड. अशा स्थळांवर बहुधा असें असतें, कीं आपली कमाल रक्कम यंत्रास गुप्तपणें सांगून ठेवावयाची. यंत्र प्रतिस्पर्ध्याच्या बोलीवर एकेक पायरीनेंच चढतें. म्हणजे जिंकणाऱ्यास दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीहून किंचितच अधिक द्यावें लागतें. विल्यम व्हिक्री ह्या अर्थशास्त्रज्ञानें १९६१ सालीं अशा प्रकारच्या लिलावाची मीमांसा केली, व पुढें १९९६ सालीं त्यास नोबेल पारितोषिकहि मिळालें. त्याच्या मीमांसेचें सार असें, कीं वस्तु आपल्यास खरोखर जेवढ्याची वाटते, तेवढाच आकडा एकदां सांगावा व स्वस्थ राहावें. मीं अडीच हजार हा आकडा सांगितला. स्वस्थ राहणें मात्र जमलें नाहीं. लिलाव रात्रीं साडेनवास संपावयाचा होता, दिवस पावसाळ्याचे, आणि मी राहतों पोलादपुरास, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशीं, जेथें वीज गेली कीं मोबाईलच्या रेघाहि तिच्या पाठोपाठ जातात. त्या रात्रीं सुदैवानें दोन्ही टिकून होत्या. शेवटचीं चार सेकंदें उरलीं असतांना कोणीतरी अडीच हजार पन्नास म्हटलें, आणि कोश गेला.

गेला तर गेला, असें म्हणून मी गप्प बसलों. आठव्या दिवशीं विकणाऱ्याचें पत्र आलें. लिलाव जिंकणारे गृहस्थ माघारले; आपण आपल्या अडीच हजारांस घेतां काय? हें वाचून खरें म्हणजे शंका यावयास हवी होती. कोणीतरी माझा गुप्त आकडा चाचपून पाहिला, चाचपतांना एक पायरी अधिक चढला, आणि आतां तोच आकडा पुरता माझ्याकडून मागितला जात आहे, एवढें गणित आठवीच्या मुलासहि सुटलें असतें. पण मोह मोठा वाईट. मीं पैसे धाडले.

पार्सल कुरियरवाल्यानें पोलादपुरास आणिलेंच नाहीं. तें महाडास दोन दिवस पडून होतें, आणि पत्ता सांपडत नाहीं, असा शेरा त्यावर होता. (टपालाचा शिपाई मात्र आमच्या वाड्यावाड्यांवर भर पावसांत चालत जातो, त्याला पत्ता बरोबर सांपडतो.) उघडून पाहिलें तों पुठ्ठा कापडी, मुखपृष्ठाचें पान नाहीं, आणि ‘प’पासून ‘भ’पर्यंतचीं बरींच पानें गळालेलीं. छायाचित्र दुसऱ्याच प्रतीचें होतें. तक्रार केली, उत्तर आलें, कीं परत करण्याची मुदत तीन दिवसांची होती व ती पार्सल महाडास पोंचल्यापासून मोजतात, शिवाय पार्सल उघडतांनाचा व्हिडिओ असल्यास पाठवावा. पुस्तकाचें पार्सल सोडतांना मनुष्य स्वतःचें चित्रीकरण करवून घेतो, ही कल्पना मला कोठून असणार?

आतां कायदा काय म्हणतो, तें पहा. माल-विक्रीचा कायदा १९३० सालचा आहे, आणि त्याचें ६४ वें कलम लिलावासंबंधींच आहे. हातोडा पडला, अथवा रूढीप्रमाणें लिलाव पुरा झाल्याचें जाहीर झालें, म्हणजे विक्री पुरी. तोंपर्यंत बोली मागें घेतां येते. विकणाऱ्यास स्वतः बोली करण्याचा हक्क राखावयाचा असेल, तर तें आधीं उघड सांगितलें पाहिजे. न सांगतां तो स्वतः किंवा दुसऱ्याकडून बोली करील, तर घेणाऱ्यास तो व्यवहार कपटाचा समजतां येतो. आणि खोट्या बोलीनें किंमत चढविली असेल, तर व्यवहार पाळावा कीं मोडावा हें घेणाऱ्याच्या इच्छेवर राहतें. कलम उत्तम आहे. परंतु तें लावावयाचें कोणास? गर्दींतला खोटा बोलीवाला ओळखणें कठीण खरें, तथापि अशक्य नव्हे. महिन्याभरांत तो विकणाऱ्याच्या ओसरीवर चहा पितांना दिसतोच. पडद्यावर माझ्या प्रतिस्पर्ध्याचें जें नांव होतें, त्याचें पहिलें एक अक्षर, शेवटचें एक अक्षर, आणि मध्यें साऱ्या चांदण्या.

विकणाऱ्यांचीं दुःखेंहि सांगितलीं पाहिजेत. नाहींतर हा लेख एकतर्फी होईल. लिलाव जिंकून पैसेच न देणारे असतात. नवी वस्तु ठेवून घेऊन त्याच पेटींत जुनी परत धाडणारे असतात. २२ जुलै २०२१ रोजीं महाडांत जो महापूर आला, त्यांतून आमच्या एका परिचितांनीं आपलें शिवणयंत्र कसेंबसें वांचविलें, तेल-पाणी करून चालू केलें, आणि पैशाची निकड असल्यामुळें मोबाईलवर विक्रीस लाविलें. लगेच फोन आला. बोलणारा म्हणे लष्करांत होता, बदलीवर होता, वस्तु न पाहतांच सांगितलेली किंमत देण्यास तयार होता. घासाघीस न करणारा गिऱ्हाईक पाहून बाई हुरळल्या. त्यानें एक चौकोनी चित्र पाठविलें व म्हणाला, हें टिपा आणि आपला गुप्त अंक घाला, म्हणजे पैसे येतील. पैसे आले नाहींत, पांच हजार गेले. विद्यार्थ्यांनो, ही एक गोष्ट आज घरीं जाऊन आई-वडिलांस अवश्य सांगा: पैसे घेण्यासाठीं गुप्त अंक कधींच घालावा लागत नाहीं, तो केवळ देण्यासाठीं असतो. मोबाईलवरून पैसे देण्याची यूपीआय पद्धति २०१६ सालीं सुरू झाली. तींत दुसऱ्याकडे पैशाची मागणी धाडण्याची जी सोय होती, तिचा असा दुरुपयोग होऊं लागला, कीं १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ति-व्यक्तींमधील ती सोय बंद करण्यांत आली. चौकोनी चित्रें अद्याप आहेतच.

ग्राहकांच्या रक्षणासाठीं २०१९ सालचा कायदा आहे, व ऑनलाइन व्यापारासाठीं २०२० सालचे वेगळे नियम आहेत. तक्रारीची पोंच ४८ तासांत द्यावी व तिचा निकाल एका महिन्यांत लावावा, असें ते नियम सांगतात. नव्या कायद्यानें ग्राहकास आपण राहतों त्या जिल्ह्यांत दावा लावितां येतो, हीहि मोठी सोय झाली आहे. आमचा जिल्हा आयोग अलिबागेस, म्हणजे पोलादपुराहून शंभरांहून अधिक किलोमीटर. पण तक्रार आतां घरूनहि संगणकावर दाखल करितां येते, आणि सल्ला हवा असेल तर १९१५ ह्या क्रमांकावर मिळतो. परंतु ह्यांत एक भोंक आहे, तें पालकांनीं ध्यानांत ठेवावें. जी व्यक्ति नित्याचा धंदा म्हणून नव्हे, तर खाजगी रीतीनें आपली जुनी वस्तु विकते, तिला हे २०२० चे नियम लागूच होत नाहींत. म्हणजे ज्या व्यवहारांत लबाडीस सर्वांत अधिक वाव, नेमका तोच व्यवहार नियमांच्या कुंपणाबाहेर राहिला. जुन्या वस्तूंचा बाजार मांडून देऊन त्यावर जाहिरातीचे पैसे मिळविणाऱ्या कंपन्यांनीं विकणाऱ्याची ओळख पटवून घ्यावी, व फसवणूक झाल्यास ती मागणाऱ्यास द्यावी, एवढी सक्ति झाल्यावांचून ह्या व्यापारांत शिस्त येणार नाहीं, असें माझें मत आहे. ओसरी दिसत नाहीं तर नाहीं. निदान ती कोणत्या गांवीं आहे, हें तरी कोणास ठाऊक असावें.

येथवर आल्यावर त्या अकरा नाण्यांकडे वळूं. त्यांपैकीं सात व्हिक्टोरिया राणीच्या काळचे पैसे होते. असे पैसे टांकसाळींतून कोट्यवधींनीं पडले. त्यांचे लाखों रुपये येतात असें म्हणणारा एकतर वेडा असावा किंवा आपणांस वेडे समजत असावा. वैष्णोदेवीचें चित्र असलेल्या पांच रुपयांच्या नाण्याविषयीं हल्लीं जे संदेश फिरतात, त्यांचीहि योग्यता तीच. उरलेल्या चार मात्र शिवराया होत्या. आपल्या तालुक्यांतील रायगडावर १६७४ सालीं राज्याभिषेक झाला, आणि महाराजांचीं नाणीं निघालीं, त्यांत सोन्याचा होन व तांब्याची शिवराई प्रसिद्ध आहेत. होन अत्यंत दुर्मिळ, आणि म्हणूनच इंटरनेटवर दिसणाऱ्या होनांत नकलांचा सुळसुळाट. शिवराई महाराजांच्या मागून पेशवाईंतहि पडत राहिली, लोकांच्या व्यवहारांत त्याहि पुढें पुष्कळ काळ चालली, आणि त्यामुळें सामान्य शिवराई कांहीं फार महाग नाहीं. कोणती सामान्य व कोणती असामान्य, हें अक्षरांच्या वळणावरून जाणता सांगूं शकतो. तें ज्ञान नसतांना तिचा लिलाव मांडणें म्हणजे भाव दुसऱ्यानें ठरवावयाचा.

ह्या नाण्यांस कायद्याचीहि बाजू आहे, आणि ती फार थोड्यांस ठाऊक असते. शंभर वर्षांपूर्वींचें नाणें हें १९७२ सालच्या कायद्याप्रमाणें पुरावस्तु ठरतें. असें नाणें खाजगी मनुष्यास देशाबाहेर पाठवितां येत नाहीं, मग बोली कितीहि मोठी असो. शेत नांगरतांना किंवा घराचा पाया खणतांना पुरलेला ठेवा लागला, आणि त्याची किंमत दहा रुपयांहून अधिक असली, तर १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणें जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविलें पाहिजे. दहा रुपयांची ती मर्यादा त्या काळची आहे, पण कायदा चालू आहे. आणि विद्यार्थ्यांस म्हणून सांगतों, अठरा वर्षांखालील मुलानें केलेला करार १८७२ च्या कायद्यानें मुळींच उभा राहत नाहीं. प्रिव्ही कौन्सिलनें १९०३ सालीं हा निर्णय दिला, तो आजहि प्रमाण मानितात. बापाच्या नांवाच्या खात्यावरून बोली लाविली, म्हणजे जबाबदारी बापाच्या गळ्यांत पडते. नववी-दहावीच्या वर्गांत असे बोली लावणारे किती आहेत, हें मला ठाऊक आहे. नांवें सांगत नाहीं.

मुलाच्या प्रश्नाचें उत्तर मीं त्याला दुसऱ्या दिवशीं दिलें. मीं म्हटलें, "बाळ, खऱ्या लिलावांत विकणाऱ्याकडून आधीं पैसे मागत नाहींत. नाणीं हातांत घेऊन पाहिल्यावांचून कोणी जाणता त्यांची बोली लावीत नाहीं. आणि तुझ्या भावाला लिलाव करणाऱ्याचें दुकान कोणत्या रस्त्यावर आहे, एवढें विचारायला सांग." भावानें विचारिलें. उत्तर आलें नाहीं, आणि तो क्रमांकहि त्या दिवसापासून बंद झाला.

ह्यावर शाळेनें कांहीं करावें, अशी माझी सूचना आहे. वार्षिक परीक्षेनंतरच्या एका शनिवारीं जुनीं पाठ्यपुस्तकें, कंपासपेट्या, छत्र्या, सायकली ह्यांचा सभागृहांत उघड लिलाव ठेवावा. पालकांनीं यावें, मुलांनीं वस्तु हाताळून पाहाव्या, बोली मोठ्यानें करावी, आणि किंमत वर चढतांना आपल्या मनांत काय होतें, तें एकदां सर्वांसमक्ष अनुभवावें. एखाद्यानें आपल्या मित्रास खोटी बोली करावयास लाविलें, तर तें तेथल्या तेथें सर्वांस दिसेल व हंसूंहि येईल. मुख्याध्यापकांनीं ह्याचा विचार करूं, असें म्हटलें आहे.

त्या कुटुंबाची तक्रार १९३० ह्या क्रमांकावर नोंदविली. (हा क्रमांक सायबर फसवणुकीच्या तक्रारींचा, माल-विक्रीच्या कायद्याचें सालहि तेंच, म्हणून निदान माझे विद्यार्थी तो विसरणार नाहींत.) पैसे जातांच पहिल्या कांहीं तासांत कळविलें, तर ते वाटेंत अडविले जाण्याचा संभव असतो, येथें बारा दिवस लोटले होते. पालकांच्या सभेस मुलाची आजी चंची घेऊन स्वतः आली. मी तिला म्हणालों, "आजी, हीं चार नाणीं जपून ठेवा." ती म्हणाली, "माज्या सासूनं दिल्याली हायती गुर्जी, मी कशाला इकतेय? ह्या पोरांनाच घाई." मग तिनें एक शिवराई माझ्या हातावर ठेवून त्यावर काय लिहिलें आहे तें वाचावयास सांगितलें. नातवानेंच तें वाचलें. एका अंगास ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या अंगास ‘छत्रपति’. दुसऱ्या अंगाचें शेवटचें अक्षर झिजून गेलें होतें. साडेबाराशें आणि साडेतीन हजार, हे दोन्ही भरणे हा लेख लिहीपर्यंत परत आलेले नाहींत. पत्र्यांचे नऊ हजार मात्र घरांतच राहिले.